वासाचा पाइप

“मी बसवलेल्या पाइपातनं वास येत न्हाई, मॅडम, आलाच तर तो मानसाचा असंल.”

हे वाक्य गेणबा वाळंज आयुष्यात एकदाच बोलला, तेही हसत. बोलताना त्याचे गुडघे ओल्या फरशीवर टेकलेले होते, हातात पाना होता आणि न्हाणीघराच्या दारात दोन बायका उभ्या होत्या. एक घराची मालकीण. दुसरीच्या हातात फरशी पुसायचं फडकं. मालकीण हसली. दुसरी हसली नाही.

गेणबा आता छप्पन वर्षांचा आहे. मुठा खोऱ्यात बंगले उगवायच्या आधीपासून तो नळाची, गटाराची कामं करतो. अठराव्या वर्षी तो कोथरूडला एका फिटरच्या हाताखाली लागला. बिडाचे पाइप खांद्यावर घेऊन चार-चार जिने चढला, सांध्यांत ताग कोंबून वितळलेलं शिसं ओतायला शिकला. उजव्या हाताच्या पाठीवर शिशाचा एक थेंब पडला होता. तिथं अजून केस उगवत नाहीत. गावी परतला तेव्हा गावात संडास मोजून चार होते, आणि घरात संडास म्हणजे घरातच घाण, असं म्हातारी माणसं उघड म्हणायची. गेणबाने स्वतःच्या घराच्या मागच्या पडवीला लागून पहिला बांधला. त्याची आई तीन महिने त्या बाजूला फिरकली नाही. वास येईल, म्हणायची. वास आला नाही. मग शेजारपाजारचे एकेक करून येऊन हुंगून गेले. अक्षरशः हुंगून गेले. पडवीत उभे राहायचे, नाक वर करायचे, एकमेकांकडे बघायचे आणि माना हलवायचे. त्या हुंगण्यातून गेणबाचं नाव झालं. गेणबाच्या कामाला वास न्हाई, असं लोक म्हणू लागले, आणि गेणबा ते ऐकून न ऐकल्यासारखं करू लागला.

काम खरंच चांगलं होतं. पाइपाला ढाळ किती हवा हे तो पाण्याच्या नळीने मापायचा, पण मापायच्या आधीच त्याच्या डोळ्याला कळलेलं असायचं. सांधा करताना घाई करायचा नाही. चेंबरचं झाकण बसवण्याआधी आत बोट फिरवून सिमेंटचा कण राहिला का बघायचा.

फक्त एका पाइपाबद्दल त्याला नीट माहिती नव्हती. संडासाचा उभा पाइप वरच्या मजल्याच्याही वर, गच्चीबाहेर काढतात आणि तोंड उघडं ठेवतात, तो. इंजिनिअर लोकांच्या कागदावर त्याचं इंग्रजी नाव असतं. खोऱ्यात त्याला वासाचा पाइप म्हणतात. कोथरूडच्या फिटरनेही तेच सांगितलं होतं, संडासाच्या टाकीतला वास त्यातून वर निघून जातो म्हणून. गेणबाने ते डोक्यात धरलं आणि पुढचा हिशेब स्वतःच केला. पाइप वासाचा असेल तर तो जाड कशाला? जाड पाइप म्हणजे जास्त वास. म्हणून वरच्या संडासापर्यंत चार इंची पाइप आला की तिथून पुढे तो दोन इंची लावायचा. गावातली घरं एकमजली, संडास एक, पाइप आखूड. त्या घरांत ही चूक चूक म्हणून कधी उघडी पडलीच नाही.

मग सौरभ आणि सुलक्षणा यांचा बंगला आला.

सौरभ परभणीकडचा, सुलक्षणा अकोल्याची. दोघं हिंजवडीत नोकरीला, राहायला नेऱ्याला एका सोसायटीत. शनिवार-रविवारसाठी त्यांनी मुठ्याला दुमजली घर बांधलं. वर दोन न्हाणीघरं, खाली पाहुण्यांसाठी एक. काम संपत आलं तेव्हा सुलक्षणा गच्चीवर झोपाळा कुठे टांगायचा ते बघत होती. तिची नजर पाइपावर गेली.

“काका, हा इथे असाच राहणार?”

“वासाचा पाइप हाय मॅडम तो.”

“वासाचा? आणि बरोब्बर झोपाळ्याशेजारी? आणि प्रत्येक फोटोत येणार हा. याचं काहीतरी करा ना, प्लीज.”

गेणबाने केलं. दोन इंची पाइप कठड्याखाली कापला, त्याला दोन कोपरे दिले, बसायच्या बाकाखालून आडवा नेला आणि शेवटी त्याच्या तोंडाला घट्ट टोपी बसवली. टोपी बसली की वास आतल्या आत. सुलक्षणा खूश झाली. “जिनियस आहात तुम्ही काका,” म्हणाली. त्याच दिवशी तिने घरकामाला कुणी मिळेल का विचारलं, आणि गेणबाने डोंगराच्या अंगच्या कातकरवाडीतली पारू लावून दिली. हात स्वच्छ, शब्दाला पक्की, असं त्यानेच सांगितलं होतं. पारू रोज दहाला यायची, फरशा पुसायची, झाडांना पाणी घालायची. शनिवारी-रविवारी मालक आले की दिवसभर थांबायची.

पाच महिन्यांनी फोन आला. खालच्या न्हाणीघरात वास येतोय.

गेणबा रविवारी सकाळी गेला. वास होता. फरशीच्या जाळीखाली एक वाटी असते, तिच्यात वीतभर नाही, चार बोटं पाणी कायम साठून राहतं. ते पाणी हेच टाकीच्या आणि घराच्या मधलं दार. गेणबाने जाळी उचलली. वाटी कोरडी होती. त्याने तांब्याभर पाणी ओतलं, वास थांबला, आणि तेवढ्यात दारातून सुलक्षणाने विचारलं, “पाइपचा प्रॉब्लेम आहे का काका?”

तेव्हा तो ते वाक्य बोलला.

सुलक्षणा हसली, आणि हसता हसता तिची नजर शेजारी उभ्या असलेल्या पारूकडे वळली. हसू तोंडावर तसंच राहिलं, पण डोळे काहीतरी जुळवत होते. पारूने फडकं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं आणि ती दोन पावलं मागे सरली.

पुढचं गेणबाला उडत उडत कळलं. आठवड्याभराने सुलक्षणाने पारूला दोन सुवासिक साबण दिले. वाईट वाटून घेऊ नकोस, म्हणाली. पारूने साबण घेतले. आणखी दोन आठवड्यांनी तिला उद्यापासून येऊ नकोस असं सांगितलं. दुसरी बाई ठेवली. गेणबाला सुलक्षणाचा फोन आला, “काका, आता खूप फरक आहे. थोडासा येतो अजून, पण आधीसारखा नाही.” गेणबा “हां, हां” म्हणाला. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ अंगणात उभा राहिला.

या वर्षी ऐन उन्हाळ्यात पौडला एका हार्डवेअरच्या दुकानामागे, पत्र्याच्या शेडमध्ये, एका पाइप कंपनीने प्लंबर लोकांना बोलावलं. दुपारी पुरी-भाजी, प्रत्येकाला एक टोपी आणि एक पिशवी. शिकवायला पुण्याहून वेदांत नावाचा तरुण इंजिनिअर आला होता. त्याने आरपार दिसणाऱ्या पाइपांचं दोन माणूस उंच एक घर उभं केलं होतं: भिंती नाहीत, छप्पर नाही, नुसत्या नळ्या. खालच्या वाटीत निळं पाणी भरलेलं.

“आता बघा हं,” वेदांत म्हणाला. त्याने स्टुलावर चढून वरचं तोंड तळहाताने झाकलं आणि शेजारी जोडलेल्या आडव्या पाइपातून बादलीभर पाणी सोडलं. पाणी धडधडत खाली आलं, आणि खालच्या वाटीतलं निळं पाणी थरथरलं, एकदा वर आलं, आणि गुळकन आवाज करून पाइपात ओढलं गेलं. वाटी रिकामी.

शेडमध्ये “आरं तिच्या!” असा एक आवाज उठला.

“पडणारं पाणी हवा ओढतं. वरून हवा मिळाली नाही तर ते तुमच्या घरातून ओढतं, वाटीतलं पाणी खेचून.” त्याने हात काढला, वाटी भरली, पुन्हा बादली सोडली. निळं पाणी जागचं हललंही नाही. “तुम्ही लोक या पाइपाला काय म्हणता?”

“वासाचा पाइप!” दहा-बारा जण एकदम बोलले.

“अर्धं अक्षर खाल्लंत तुम्ही. श्वासाचा पाइप म्हणा. हा वास सोडायला नाही, श्वास घ्यायला आहे.”

लोक हसले. मागून कुणी तरी म्हणालं, “मंग सायेब, सर्दी झाल्यावर काय करायचं त्येला?” आणखी हसू. वेदांतही हसला, आणि मग त्याने फळ्यावर लिहिलं. उभा पाइप चार इंची तर वरही तेवढाच न्या, फार तर तीन इंची करा. कोपरे कमी. आडवा न्यावा लागला तर ढाळ परत उभ्या पाइपाकडे, म्हणजे आत साचलेलं पाणी अडणार नाही. तोंड गच्चीवरच्या माणसाच्या डोक्याच्या वर, खिडकीपासून दहा फूट लांब. टोपी जाळीची. बंद टोपी कधीच नाही.

सगळे फोटो काढत होते. गेणबा बसून राहिला. त्याचे कान तापले होते.

बाकीच्यांनी ती ओढली जाणारी वाटी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. गेणबाला ती नवी नव्हती. त्या रविवारी मुठ्याच्या न्हाणीघरात त्याने तांब्याभर पाणी ओतलं, वास थांबला, आणि त्याच क्षणी वर सौरभने फ्लश ओढला होता. गेणबाच्या डोळ्यांसमोर, नाकापासून हातभर अंतरावर, वाटीतलं पाणी थरथरून आत गेलं होतं. हाच आवाज. वास परत आला होता. का, ते त्याला कळलं नव्हतं. पण दोष पाइपात आहे, पाइप आपला आहे, एवढं त्या घटकेला लख्ख कळलं होतं. दारातून प्रश्न आला, आणि पुण्याच्या माणसांसमोर “मला म्हाईत न्हाई” हे तीन शब्द त्याच्या तोंडातून निघेनात. त्याऐवजी ते वाक्य निघालं. बोलता बोलताच त्याने दुसरा तांब्या ओतला होता आणि जाळी लावून टाकली होती.

तो पुरी-भाजी न खाता घरी आला.

“टोपी दिली न्हवं त्यांनी?” त्याची बायको उषा दारातच म्हणाली. “मंग डोकं उगडं टाकून उनातनं का आला? आन् त्वांड का असं, कुनी मारलं का काय?”

त्याने तिला पाइपाचं सांगितलं. टोपीचं, दोन इंचीचं, पारूचं. तांब्याचं सांगितलं नाही.

“मंग जावा की. सांगा त्यांना, म्हनावं चुकलं. पाइप चुकला म्हनून कुनी सुळावर चढवत न्हाई.” मग थोडं थांबून ती म्हणाली, “पारूला काय सांगनार, त्ये बगा आधी.”

शुक्रवारी बंगला बंद होता. गेणबाने सुलक्षणाला फोन करून थोडं काम राहिलंय म्हणून सांगितलं आणि किल्ली शेजाऱ्याकडून घेतली. गच्चीवर बाकाखाली आडवा होऊन त्याने आधी टोपी काढली. आत हवा गेल्याचा बारीक आवाज झाला, फार दिवस तोंड दाबून ठेवलेल्या माणसासारखा. मग दोन इंची पाइप कोपऱ्यांसकट कापून काढला, तीन इंची लावला, कठड्याला पट्टीने बांधून सरळ वर नेला, डोक्याच्याही वर, आणि शेवटी जाळीची टोपी. वरच्या न्हाणीघरात बादली ओतायची, जिना उतरून खाली यायचं, वाटी बघायची. त्याने हे तीन वेळा केलं. वाटीतलं पाणी तिन्ही वेळा शांत होतं. त्यात त्याचं तोंड दिसत होतं, म्हणून तो चौथ्यांदा बघायला गेला नाही.

तिथून तो वाडीवर चढला.

पारू झोपडीसमोर पाटीतली करवंदं निवडत बसली होती. गेणबा समोरच्या दगडावर टेकला. ती उठली, पाटी उचलली आणि दुसऱ्या अंगाला जाऊन बसली. गेणबाला आधी कळेना. मग त्याच्या लक्षात आलं, वारा तिच्याकडून त्याच्याकडे येत होता. ती वाऱ्याखाली सरकली होती.

“पारू, हितं बस की.”

“हाय ते बरं हाय मिस्तरी. बोला.”

त्याने सांगितलं. पाइप चुकीचा टाकला होता, वास त्याचा होता, आता नीट केलाय, तुझा काही दोष नव्हता. “मला ठावं नव्हतं,” तो म्हणाला. म्हणाला, आणि जिभेला खोट्याची चव लागली.

पारूने हातातलं करवंद पाटीत टाकलं नाही, फेकलंही नाही. धरून ठेवलं.

“म्हंजी माझा येत नव्हता?”

“न्हाई.”

“मी सांगती तुमाला, त्यो साबन सपला, मंग मी दुसरा आनला. दिसाला दोनदा न्हाती. जीपात मागं फाळक्याला बसती, आत न्हाई. लगनाला गेली तर मांडवाच्या भायेर. पोरीच्या पोराला उचलून न्हाई घेतला, म्हनलं त्याला येईल. आता आपला वास आपल्याला कसा कळनार? दुसऱ्यालाच कळतो म्हंत्यात.” ती हे रागाने बोलत नव्हती, एखादी कामाची बाब सांगावी तसं सांगत होती. “तुमी मोठं मिस्तरी. तुमी बोलला म्हंजी असंलच.”

गेणबा जमिनीकडे बघत होता. वाडीतलं एक कोंबडं येऊन त्याच्या चपलेला टोचून गेलं.

“आता मी काय करू, पारू?”

“मला सांगून काय व्हतंय? ज्यांच्या म्होरं बोललात त्यांच्या म्होरं बोला. मी येती संगं.”

रविवारी दोघं गेली. वाटेत गेणबाने दोनदा काही बोलायला सुरुवात करून खोकून घेतलं. सौरभ आणि सुलक्षणा पडवीत चहा घेत बसले होते. पारूला बघून सुलक्षणा अर्धवट उठली.

“अगं पारू! ये ना. काका, बसा. चहा घेता ना?”

चहा आला. पारू पायरीखालीच उभी राहिली. गेणबा खुर्चीच्या कडेवर टेकला, कप हातात धरला आणि बोलला. पाइप, टोपी, वाटीतलं पाणी. वरून फ्लश ओढला की खालची वाटी कशी रिकामी व्हायची, म्हणून वास तुम्ही आल्यावरच कसा यायचा. “पारूचा काय बी दोष नव्हता. चूक माजी हुती.”

बोलून झाल्यावर सौरभने मांडीवर थाप मारली.

“काय सांगता काका! म्हणजे बघा, व्हॅक्यूम! साधं फिजिक्स. आणि आम्ही इतके महिने धूप लावतोय.” तो सुलक्षणाकडे वळला. “पण माणूस बघ. कुणी सांगायला आलं नसतं. स्वतः येऊन सांगतोय, माझी चूक झाली. असे लोक राहिले नाहीत आता. मी ग्रुपवर टाकणार आहे काका, तुमचा नंबर देऊन.”

“नगं सायेब,” गेणबा म्हणाला.

“अहो, नगं काय! लाजताय कशाला?”

सुलक्षणाचा चेहरा लाल झाला होता. ती पायरीपर्यंत आली, पण खाली उतरली नाही. “पारू, मी... मला खरंच तसं वाटलं होतं गं. कळलंच नाही. साबण वगैरे... सॉरी. तू ये ना परत. उद्यापासून ये. त्या दुसऱ्या बाईंना मी सांगते काहीतरी.”

पारूने तिचं ऐकून घेतलं. तिने मान वळवून गेणबाकडे बघितलं. इतके दिवस ती त्याच्याकडे बोलताना खाली बघायची. आता नीट डोळ्यांत बघत होती.

“मिस्तरी, एक इचारू? त्या दिशी मी दारात हुती. तुमी वाकून बगत हुता. वरनं पानी आलं तवा तुमी दचाकला, मी बगितलं.” ती थांबली. “तवाच तुमाला कळलं हुतं का न्हाई?”

“अगं, त्यांना तेव्हा कसं कळणार?” सौरभ समजावणीच्या सुरात म्हणाला. “ते आत्ता पौडला शिकून आले ना. तेव्हा माहीतच नव्हतं त्यांना. हो ना काका?”

मान हलवायची, एवढंच काम होतं. सौरभ हसऱ्या तोंडाने वाट बघत होता. सुलक्षणा वाट बघत होती, आणि तिलाही ती मान हललेली हवी होती, हे गेणबाला दिसत होतं. पारू त्या दोघांकडे बघतच नव्हती. तिला नोकरीचं उत्तर द्यायचं होतं, पण त्याआधी तिला हे हवं होतं, आणि ते देऊ शकणारा माणूस या पडवीत एकच होता.

गेणबाने तोंड उघडलं. त्याने पारूच्या डोळ्यांत बघायचा प्रयत्न केला. तिच्या हनुवटीपर्यंत त्याची नजर पोचली आणि तिथून खाली आली. चहावर आलेली साय त्याला सुरकुतलेली दिसली.

“काका?” सुलक्षणा म्हणाली.

त्याने कप बशीत ठेवला. मग तो उठला, पारूच्या बाजूने अंग चोरून पायऱ्या उतरला, चपला पायांत अडकवल्या आणि फाटक उघडून बाहेर पडला.